लातूर : नवीं घरें आणि जुने हात

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, काशीचे घाट, नाहींपेक्षां कोंकणांतील एखादा समुद्रकिनारा उभा राहतो. नांदेडाहून एस. टी. च्या गाडीनें लातुरास जाणें आणि चार दिवसांनीं परत येणें, याला प्रवास हें भारदस्त नांव द्यावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांतच मतभेद आहे. तथापि ज्या गांवीं आपण लहानाचे मोठे झालों, त्या गांवीं एखादा विशिष्ट हेतु मनांत धरून बऱ्याच वर्षांनीं गेलें असतां जें दिसतें, तें कित्येकदां दूरच्या तीर्थक्षेत्रींहि दिसत नाहीं, असा माझा अनुभव आहे. शिवाय त्या हेतूचा संबंध वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाशीं असल्यामुळें तो अनुभव येथें सांगण्याचें धाडस करितों.

लातुरास गोलाईपासून हांकेच्या अंतरावर आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. दगडी जोतें, सागवानी खांब, वर माळवद आणि मधोमध चौक, असा तो जुन्या धाटणीचा वाडा. थोरल्या बंधूंच्या पश्चात् तेथें वहिनी व दोघे पुतणे आपल्या मुलाबाळांसह राहतात. मी नोकरीनिमित्त प्रथम औसा तालुक्यांत व नंतर नांदेडास राहिलों. गेल्या दिवाळींत थोरल्या पुतण्यानें फोनवर कळविलें कीं, वाडा पाडून त्या जागीं चार मजली इमारत बांधावी, खालीं आपण राहावें आणि वर शिकावयास येणाऱ्या मुलांसाठीं खोल्या काढाव्या, असें दोघां भावांच्या मनांत आहे. "मात्र काका, तुमची सही आणि तुमचा आशीर्वाद दोन्ही पाहिजेत," असेंहि तो म्हणाला. सही मागणारा पुतण्या आशीर्वादहि मागतो, ही आजच्या काळीं थोडी गोष्ट नव्हे. मीं उत्तर दिलें, "मी येतों, चार दिवस गांव पाहतों, आणि मग आपण बोलूं."

नांदेड सोडल्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें मागें पडलीं. सोयाबीन निघून गेलेलीं काळीं रानें आणि मधूनमधून उभी असलेली तूर पाहतां पाहतां डोळा लागला. जाग आली ती लातूर जवळ आल्यावर. पूर्वीं लातूर आल्याची खूण म्हणजे आडत बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग. आतां खूण निराळी आहे. घराघराच्या गच्चीवर लोखंडी सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. खालचा मजला पुरा झाला आहे, रंगहि दिला आहे, दारावर गणपति बसविला आहे. परंतु खांबांतल्या सळ्या मात्र कापलेल्या नाहींत. पैसा जमला, मुलाचें लग्न ठरलें, भाडेकरू मिळाला, कीं त्यांवर आणखी एक मजला चढावयाचा. शहराच्या भवितव्याविषयींचा लोकांचा एवढा विश्वास मीं कोणत्याहि भाषणांत ऐकलेला नाहीं.

हा विश्वास अगदींच निराधार नाहीं. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असें बिरुद लावीत, आणि तें लट्टलूर म्हणजेच आमचें लातूर, असें विद्वान् मानतात. परंतु त्या प्राचीन वैभवानंतर शेंकडों वर्षें हें गांव नकाशावर एक ठिपकाच होतें. निजामी राजवटींत १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येथवर आली आणि आडत व्यापाराला पाय फुटले. पुढें सहा वर्षांनीं, १९१७ सालीं, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणें गंज गोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मधोमध अंबाबाईचें देऊळ, सभोंवार दुकानांचें कडें आणि त्या कड्यास येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठें सोनें, कोठें वाहणा, कोठें मिरची, कोठें गूळ. लहानपणीं आम्ही भावंडें त्या सोळा रस्त्यांपैकीं कोणत्या रस्त्यानें आंत शिरलों हें विसरून दुसऱ्याच रस्त्यानें बाहेर पडत असूं, आणि घरीं मार खात असूं.

पुढची वाढ आमच्या डोळ्यांदेखत झाली. १९८२ सालीं उस्मानाबादपासून निराळा होऊन लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर वसाहती आल्या. दयानंद, शाहू इत्यादि महाविद्यालयांच्या निकालांनीं 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रभर गाजविलें, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं दूरदूरचीं मुलें येथें येऊं लागलीं. मुलें आलीं म्हणजे खोल्या आल्या, खाणावळी आल्या, अभ्यासिका आल्या. १९९१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्यें ती पावणेचार लाखांवर गेली, आणि त्याच वर्षीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गांवांत सर्वांत मोठा धंदा कोणता, असें कोणी विचारलें तर लोक डाळीच्या गिरण्या किंवा शिकवण्या हें उत्तर देतील. मला मात्र पहिल्याच दिवशीं रस्तोरस्तीं पडलेले वाळूचे व खडीचे ढीग पाहून वाटलें कीं, डाळ आणि विद्या यांच्या बरोबरीनें हें गांव भिंतींवर जगत आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे फिरावयास निघालों तों एका चौकांत दीड-दोनशें माणसें उभीं दिसलीं. कोणाच्या हातांत थापी व ओळंबा, कोणाच्या खांद्यावर फावडें, कोणाच्या कडेवर मूल आणि डोक्यावर घमेलें. हा मजुरांचा नाका. बाजारांत भाजी उभी असते तशीं माणसें उभीं होतीं, हें वाक्य लिहितांना मला संकोच वाटतो. पण दुसरी उपमा सुचत नाहीं. एखादी मोटारसायकल थांबली, कीं पांचदहा जण तिच्याभोंवतीं गोळा होत. "दोन बिगारी पाहिजेत, एक गवंडी," एवढें बोलून, भाव ठरवून, तो इसम त्यांना घेऊन जाई. साडेनऊच्या सुमारास जे उरले ते हळूहळू घराकडे वळले.

त्या उरलेल्यांपैकीं एक जण माझ्याकडे निरखून पाहत होता. जवळ येऊन तो एकदम पायांवर वाकला. "गुरुजी, वळखलं का?" मीं ओळखलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्यानें गांवाचें नांव सांगितलें, सातवीचा वर्ग सांगितला, आणि 'रामः रामौ रामाः' म्हणतांना आपण नेहमीं दुसऱ्या पदावर अडखळत असूं हेंहि सांगितलें. तेव्हां चेहरा जुळला. औसा तालुक्यांत मी नवीन मास्तर असतांना हा मुलगा माझ्या वर्गांत होता. आतां डोक्याचे केंस पांढरे झाले होते आणि तो किंचित् लंगडत होता.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलों. मीं विचारलें, "आज काम नाहीं मिळालें?" तो म्हणाला, "गुरुजी, महिन्यांत पंधरा-अठरा दिस मिळतंय. लंगडा गवंडी म्हणल्यावर लोकं दुसऱ्याकडं बघत्यात." मग त्यानें आपला सारा धंदा मला एखाद्या पाठाप्रमाणें समजावून दिला. पूर्वीं घराचा पाया खणावयाचा म्हणजे आठ-दहा माणसांना आठवडाभर काम असे. आतां खोदाईचें यंत्र तें सकाळच्या प्रहरीं उरकतें. स्लॅब पडावयाची म्हणजे घमेल्यांची साखळी लागे, बायामाणसांना त्या दिवशीं हमखास मजुरी आणि संध्याकाळीं मालकाकडून गोड जेवण असे. आतां मोठ्या कामांवर तयार कालवलेलें सिमेंट गाडींतून येतें आणि नळीनें वर चढतें. सेंट्रिंगचीं, फरशीचीं, रंगाचीं माणसें निरनिराळीं. त्यांत परप्रांतांतल्या टोळ्याहि पुष्कळ. गवंड्याची हजेरी बिगाऱ्याच्या दीडपट ते दुप्पट. पण पावसाळ्यांत दोघांचीहि सारखीच, म्हणजे कांहीं नाहीं. "घरं लई वाढलीत गुरुजी," तो म्हणाला, "पर घरामागं हात कमी लागत्यात."

हें शेवटचें वाक्य मीं टिपून ठेवलें आहे. शहरांत बांधकामावर किती रुपये खर्च झाले, याचे आंकडे आपण वर्तमानपत्रांत मोठ्या अभिमानानें वाचतों, आणि जितका खर्च अधिक तितकी रोजगाराची वाढ अधिक, असें सहज धरून चालतों. पण तो रुपया जातो कोठें? पोलाद आणि सिमेंट यांचा पैसा बहुतांशीं गांवाबाहेर जातो. विटा, वाळू, खडी यांचा कांहीं जवळपास राहतो. मजुरीचा पैसा मात्र त्याच संध्याकाळीं गांवांतल्या वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, औषधाच्या दुकानीं पोंचतो. म्हणून एकाच किंमतीच्या दोन इमारती गांवाला सारखें देत नाहींत. जिच्यांत मजुरीचा वांटा मोठा, ती गांवाला अधिक देते. आमचा वाडा बांधला गेला तेव्हां दगड जवळच्या खाणींतला, माती शेतांतली. खर्च म्हणजे बहुतेक सगळी मजुरीच. आतां बरोबर उलट होत चाललें आहे. तरीहि २०२२-२३ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांतल्या दर शंभर कामकऱ्यांपैकीं सुमारें तेरा जण बांधकामावर होते. शेतीच्या खालोखाल हाच धंदा. शेतींतून सुटलेल्या माणसाला कोणी प्रमाणपत्र न मागतां उभें करून घेणारें दुसरें दार नाहीं.

मराठवाड्याला ही गोष्ट नवीन नाहीं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांना खडी फोडण्याचा आवाज अजून आठवत असेल. मी तेव्हां चौदा वर्षांचा होतों. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रभर सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. रस्ते, पाझर तलाव, बांध हींच त्या वर्षाचीं पिकें. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ सालीं झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अंमलांत आला. पुढें २००५ सालीं साऱ्या देशानें तशा स्वरूपाचा कायदा केला. त्या योजनेंत एक गोष्ट होती, तिच्याकडे माझें लक्ष फार उशिरां गेलें. कामावर आलेल्या प्रत्येकाचें नांव हजेरीपटावर असे. नांव होतें, म्हणून हक्क होता.

मीं त्याला विचारलें, "हें काम तूं शिकलास कोठें?" तो म्हणाला, "किल्लारीच्या भूकंपानं शिकवलं, गुरुजी." आणि आम्ही दोघेहि कांहीं वेळ गप्प बसलों.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकींतून थकून आलेलीं माणसें गाढ झोंपेंत असतां ३० तारखेच्या पहांटे तीन वाजून छप्पन मिनिटांनीं जमीन हादरली. मी तालुक्यांत ज्या खेड्यांत होतों, तेथें माझी भाड्याची खोली पत्र्याची होती, म्हणून मी वांचलों. शेजारचें माळवद खालीं आलें होतें. आम्ही हातांनीं माती उकरली. त्या घरांतलीं दोन मुलें माझ्या वर्गांत होतीं. दुसऱ्या आठवड्यांत शाळेचा हजेरीपट उघडला, तेव्हां त्या नांवांपुढें काय लिहावें हें मला कळेना. शेवटीं मीं तीं दोन घरें रिकामीं ठेवलीं. सुमारें आठ ते दहा हजार माणसें त्या एका पहांटेस गेलीं.

पुढें तज्ज्ञांनीं जें सांगितलें, तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लोकांना मारलें तें त्यांच्याच घरांच्या भिंतींनीं. दोन-अडीच फूट रुंदीच्या त्या दगडी भिंती दिसावयास भक्कम. पण आंतला थर निराळा, बाहेरचा थर निराळा, मध्यें माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगडच नाहीं. त्यांवर माळवदाची माती, आणि गळती थांबावी म्हणून दरवर्षीं तींत नवी भर. जमीन हलतांच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून फांकले आणि वरचें ओझें खालीं आलें. कित्येक ठिकाणीं लांकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या. भिंती मात्र जमीनदोस्त झाल्या.

पुनर्वसनाचें काम जागतिक बँकेच्या साह्यानें सरकारनें हातीं घेतलें. बावन्न गांवें जागा बदलून नव्यानें वसविलीं. जमीनधारणेप्रमाणें अडीचशें, साडेचारशें आणि साडेसातशें चौरस फुटांचीं घरें दिलीं. हीं घरें मुख्यतः ठेकेदारांनीं व दानशूर संस्थांनीं बांधलीं. त्याखेरीज तेरा जिल्ह्यांतल्या सुमारें दोन लाख घरांच्या दुरुस्तीचें व मजबुतीकरणाचें काम निघालें. तेथें रीत निराळी होती. पैसा हप्त्यांनीं घरमालकाच्या हातीं द्यावयाचा, काम त्यानें गांवच्या गवंड्याकडून करून घ्यावयाचें, आणि अभियंत्यानें पाहणी केल्यावरच पुढचा हप्ता मिळावयाचा. त्यासाठीं गवंड्यांना शिकविलें गेलें. भिंतींत आरपार दगड कसा बसवावा, कोपरे कसे बांधावे, भिंतीभोंवतीं पट्टा कसा फिरवावा, माळवदाची माती किती उतरावी, हें सारें. माझा हा विद्यार्थी तेव्हां सोळा-सतरा वर्षांचा होता. आईबाप गेलेले, दगड वाहतां वाहतां तो पाहत राहिला, मग थापी हातीं घेतली. "त्या कामावर अभियंता साहेब माझं नाव घेऊन हाक मारायचे," तो म्हणाला. "पुन्हा तसं काम नाय लागलं."

दोन्ही प्रकारांनीं घरें उभीं राहिलीं. आणि उघड्यावर पडलेल्या माणसाला त्वरित छप्पर देणें हेंहि थोर काम आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु एका प्रकारांत ठेकेदार निघून गेल्यावर मागें घर राहिलें. दुसऱ्यांत घराबरोबर गांवांत शिकलेला हात राहिला. तो हात पुढें कामाच्या शोधांत सुमारें पंचेचाळीस किलोमीटरांवरच्या लातुरास आला, आणि आज त्या नाक्यावर साडेनऊपर्यंत उभा राहून परत जात होता.

तो लंगडतो त्याचें कारणहि विचारलें. चार वर्षांमागें एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला आणि कंबरेचें हाड मोडलें. ज्या ठेकेदाराकडे काम करीत होता, त्यानें पहिल्या दिवशीं दवाखान्यांत पोंचविलें आणि दुसऱ्या दिवसापासून ओळख विसरला. दोन आठवड्यांची मजुरीहि बुडाली. १९९६ सालीं बांधकाम कामगारांसाठीं केंद्र सरकारनें कायदा केला. अठरा ते साठ वर्षांच्या ज्या कामगारानें मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलें असेल, त्यानें नोंदणी करावी. मग अपघात, आजार, मुलांचें शिक्षण यांसाठीं त्याला मंडळाकडून साह्य मिळतें. त्यासाठीं पैसा कोठून येतो? बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक रुपया उपकर घेतला जातो, त्यांतून. परंतु नव्वद दिवसांचा दाखला पाहिजे. "कोण देणार गुरुजी?" तो हंसून म्हणाला. "वर्षांत वीस मालक. कुणाकडं चार दिस, कुणाकडं आठ. नाव कुणालाच ठाव नाय. समद्यांसाठी मी मिस्त्री."

मला त्याचा नव्हे, माझाच राग आला. नांदेडास २००४ सालीं मीं स्वतःचें घर बांधलें. त्याची हिशोबाची वही अजून माझ्या कपाटांत आहे, आणि तींतील टापटिपीचा मला अभिमान होता. सिमेंटचीं पोतीं शेवटच्या पोत्यापर्यंत मोजलेलीं; विटा, सळ्या, फरशी, कड्या-कोयंडेसुद्धां तारीखवार. आणि ज्यानें सात महिने उन्हांत उभें राहून तें घर बांधलें, त्याची नोंद काय? 'मिस्त्री : मजुरी.' सात महिने म्हणजे दोनशें दिवस. नव्वद दिवसांचा दाखला मीं एका सहीनें देऊं शकलों असतों. त्यानें मागितला नाहीं आणि मला सुचला नाहीं. शिल्पशास्त्रांत स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले आहेत, हें मीं मुलांना अनेक वर्षें शिकविलें. पण माझ्या दारांत सूत धरून उभा असलेल्या सूत्रग्राह्याचें नांव विचारावें, हें त्या पाठांतरानें मला शिकविलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं धाकट्या पुतण्यानें मला मोटारीनें हरंगुळाकडे नेऊन रेल्वे डब्यांचा कारखाना दाखविला. ३१ मार्च २०१८ रोजीं त्याचें भूमिपूजन झालें आणि २५ डिसेंबर २०२० रोजीं तेथें पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. शयनयान वंदे भारत गाड्या येथें बांधल्या जाव्या, असा करारहि २०२३ सालीं झाला. कारखाना बांधतांना हजारों घमेलीं वाहिलीं गेलीं असतील. परंतु कारखाना चालवावयास लागणारे हात निराळे, त्यांना निराळी विद्या लागते. बांधकामाचा रोजगार हा स्वतःच्या यशानेंच संपणारा रोजगार आहे. घर पुरें झालें कीं गवंडी बाहेर. त्यांत आमचा मुलूख अवर्षणाचा. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पिण्याचें पाणी आणावें लागलें. ऑगस्टपर्यंत सुमारें पंचवीस कोटि लिटर पाणी आलें. पिण्यासाठीं जेथें ही स्थिति, तेथें विटा भिजवावयास आणि स्लॅबवर साठवावयास पाणी कोठलें? त्या उन्हाळ्यांत नाक्यावरची माणसें पुण्या-मुंबईकडे गेलीं, असें माझा विद्यार्थी सांगत होता.

चौथ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर चौकांत सतरंजी टाकून सर्व मंडळी बसलीं. थोरल्या पुतण्यानें अंदाजपत्रक माझ्यापुढें ठेवलें. काम मोठें नीटनेटकें होतें. माल, मजुरी, परवानगीचे शुल्क, आणि एका ओळींत 'कामगार उपकर, शेंकडा एक'. मीं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलें, "हे पैसे कोणासाठीं?" तो म्हणाला, "मजुरांसाठीं, काका. भरल्याशिवाय परवानगीच मिळत नाहीं." मीं विचारलें, "आणि मजूर कोण?" तो गोंधळला. "तें ठेकेदार पाहील. चौरस फुटाच्या दरानें सगळें काम त्याच्याकडे. आपल्याला त्रास नाहीं."

मग मीं माझी गोष्ट सांगितली; नांदेडच्या वहीची आणि नाक्यावरच्या विद्यार्थ्याची. पुतण्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि त्याचें म्हणणेंहि मांडलें, तें न्यायानें येथें दिलें पाहिजे. तो म्हणाला, "काका, अंगावर काम घेतलें तर सहा महिन्यांचें वर्ष होईल. बँकेचें व्याज चढेल. जूनमध्यें मुलें येतात. तो हंगाम चुकला तर एक वर्षाचें भाडें बुडालें. तुमच्या त्या गवंड्याची दया मलाहि येते. पण दयेवर स्लॅब उभी राहत नाहीं." खोटें कांहींच नव्हतें त्यांत. मलाहि लगेच उत्तर सुचलें नाहीं.

इतका वेळ वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भूकंप झाला त्या रात्रीं हे खांब किती करकरले, तें तुम्हां मुलांना आठवणार नाहीं. तुमचे वडील म्हणाले होते, ज्यानें हे बसवले त्याचे उपकार आहेत. मीं विचारलें, कोणी बसवले? तर त्यांना नांव सांगतां आलें नाहीं. आतां तुम्ही बांधताय तर निदान नांव तरी ठाऊक असूं द्या."

त्यावर तोडगा निघाला तो सर्वांना थोडा थोडा तोट्याचा होता, म्हणूनच तो टिकेल असें वाटतें. वाडा पडणार. मला वाईट वाटतें. परंतु माळवदाखालीं पुढच्या पिढीला झोपवावें असें किल्लारी पाहिलेला माणूस कसें म्हणेल? मात्र सागवानी खांब व चौकटी जपून काढून तळमजल्याच्या दालनांत पुन्हां बसवावयाच्या. सांगाडा आणि स्लॅब ठेकेदाराकडे. भिंती, गिलावा आणि दगडी जोतें हीं कामें मात्र आपण रोजानें करून घ्यावयाचीं, आणि त्यांवर माझा विद्यार्थी मिस्त्री. खर्च थोडा वाढेल, तो माझ्या निवृत्तिवेतनांतून मी देणार. आणि ठेकेदाराकडचा असो वा आपल्याकडचा, कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचें नांव आपल्या वहींत रोज लिहावयाचें; ज्याचे नव्वद दिवस भरतील त्याला मालक म्हणून पुतण्यानें सही करून दाखला द्यावयाचा. मग मीं कागदांवर सही केली.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं गोलाईंतल्या एका दुकानांतून मीं लांब घड्यांचा एक कोरा हजेरीपट विकत घेतला. शिक्षक असतां असे किती तरी भरले. निवृत्तीनंतर घेतलेला हा पहिलाच. नाक्यावर जाऊन विद्यार्थ्याला बातमी सांगितली. त्यानें पहिल्यांदा मजुरीचा भाव विचारला, हें मला फार आवडलें. मग आपल्या मुलाविषयीं बोलला. "पोराला मी थापी धरूं दिली नाय. आयटीआयला वायरमन शिकतंय." मीं म्हटलें, "मग आपल्या इमारतीचें विजेचें काम निघेल तेव्हां त्यालाहि घेऊन ये. पण तुझी विद्या कोणाला देणार?" त्यानें उत्तर दिलें नाहीं. शेजारीं उभ्या असलेल्या एका कोंवळ्या बिगाऱ्याकडे पाहून नुसता हंसला.

ज्या वाचकांच्या घरीं बांधकाम निघालें असेल किंवा निघावयाचें असेल, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. वास्तुशांतीच्या दिवशीं आपण गवंड्याला उपरणें व श्रीफळ देतों, ती रीत चांगली आहे; ती मोडूं नये. पण त्याच्या अगोदर, पाया खणावयाच्या दिवशींच, एक वही घालावी. तींत आलेल्याचें नांव, गांव आणि हजेरी रोजच्या रोज लिहावी. तिला खर्च कांहीं नाहीं. उपकराचे पैसे आपण भरतोंच. ते ज्याचे आहेत त्याच्यापर्यंत पोंचावे, यासाठीं ती वही लागते.

बसमध्यें बसण्यापूर्वीं हजेरीपटाचें पहिलें पान मीं स्वतःच्या हातानें आंखून दिलें. पहिल्या घरांत विद्यार्थ्याचें पूर्ण नांव लिहिलें. आडनांव त्याला विचारून घ्यावें लागलें, कारण मी तें विसरलों होतों. काम माघांत सुरू व्हावयाचें आहे. दर महिन्याच्या अखेरीस त्या पटाचें छायाचित्र मोबाइलवर मला पाठवावयाचें, असें पुतण्यानें कबूल केलें आहे. पाठवितो कीं नाहीं, तें पाहूं.